पोपटी गोट

संयोगितेनं अट घातली तेव्हा सगळ्यांच्या तोंडात पुरणाची होळिगे होती, त्यामुळे वेळेवर ‘नाही’ कुणालाच म्हणता आलं नाही.

“आमच्या बनशंकरी भागातल्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला दुकानातलं काही आणायचं नाही,” ती म्हणाली. “रिसेप्शनला आलेले लेमन सेट अजून खोक्यांतून बाहेर निघाले नाहीत. मला घरात वापरता येईल अशी वस्तू हवी, आणि ती देणाऱ्यानं आपल्या हातानं शिवलेली हवी. पिशवी शिवा, पायपुसणं शिवा, काहीही शिवा. बायका, पुरुष, सगळ्यांनी. शिंप्याकडून करून आणलंत तर उंबऱ्यावरून परत पाठवीन.”

उगादीचा, म्हणजे पाडव्याचा, सण होता. चामराजपेटच्या घरात पंगत बसली होती. मानसिंगरावांनी घास गिळला आणि म्हणाले, “सरी.”

मुलीच्या कुठल्याही बोलण्याला ते हल्ली ‘सरी’च, म्हणजे कानडीत ‘बरं’च, म्हणत. चार वर्षांपूर्वी ते एकदाच ‘नाही’ म्हणाले होते, वासुदेव नावाच्या कन्नड मुलाला. संयोगितेनं रजिस्टर लग्न केलं आणि पुढं तीन वर्षं या घरात सणालासुद्धा कुणी मोठ्यानं हसलं नाही. गेल्या गौरी-गणपतीला लेक-जावई पहिल्यांदा घरी आले. तेव्हापासून लेक म्हणेल ते सरी. जावयाशी मात्र मानसिंगराव अजून थेट बोलत नसत. ‘त्यांना भात वाढा’, ‘त्यांना विचारा, कॉफी घेणार का’, असं भिंतीकडे बघून चालायचं. वासुदेवही मग भिंतीलाच उत्तर द्यायचा.

“मीसुद्धा शिवायचं?” तिच्या थोरल्या भावानं, गिरीराजनं विचारलं. “अगं, मी टेलिफोन खात्यातला माणूस.”

“तारा जोडतोस ना अण्णा? मग दोरा काय जड आहे?”

गिरीराजची बायको अहल्या खुदकन हसली. मग आपल्यालाही शिवायचंय हे लक्षात आलं तशी एकदम गप्प झाली.

संयोगिता बोलत सगळ्यांशी होती, पण तिची नजर होती आईवर. कौशल्याबाईंच्या पायमशीनवर या घरातले परकर, झबली, उशा, पडदे, सगळं शिवलं गेलं होतं. अहल्या सून होऊन आली तेव्हा सासूनं तिला हातानं शिवलेली दुलई दिली होती, बटवे दिले होते, चोळ्या दिल्या होत्या. संयोगितेला काहीच मिळालं नव्हतं. लग्नाच्या वेळचं ठीक, तेव्हा राग होता. पण राग निवळल्यावर तिनं दोनदा हळूच मागून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा आई म्हणाली होती, “आता कुठं गं शिवत बसू?” संयोगितेनं त्याचा एकच अर्थ लावला. राग पुरता गेलेला नाही. एकट्या आईकडे पुन्हा मागायचा तिला धीर नव्हता, म्हणून तिनं सगळं घरच कामाला लावलं.

“शिवू की,” कौशल्याबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. “त्यात काय एवढं.”

संयोगितेला एवढा आनंद झाला की तिनं वासुदेवच्या पानातली होळिगे उचलून खाल्ली.

गिरीराजनं सुरुवात प्रामाणिकपणे केली, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. बहिणीच्या नव्या टीव्हीला झालरीचा झगा शिवायचा असं त्यानं ठरवलं. आधी कापड उलटं कापलं, मग ते सुधारायला सुलटं कापलं, आणि शेवटी जे उरलं त्यात ट्रान्झिस्टरही झाकला गेला नसता. बोटांना एवढ्या सुया टोचल्या की ऑफिसात फायलींवर लाल ठिपके पडू लागले. एका संध्याकाळी त्यानं स्कूटर कॉटनपेटच्या गल्लीत वळवली.

यल्लाप्पा शिंपी तिथं वडिलांच्या वेळेपासून बसायचा. नामदेव शिंप्यांचं घर, बोलणं मराठी, हिशेब कन्नड.

“यल्लाप्पा, हे कुणाला कळता कामा नये.”

“साहेब, गल्लीतल्या सगळ्यांच्या कमरेचा घेर मला ठाऊक आहे. कधी बाहेर सांगितलाय?”

“आणि फार चांगलं शिवू नकोस. मी शिवलेलं वाटलं पाहिजे.”

यल्लाप्पाचा चेहरा पडला. “वाईट शिवायचा सराव नाही हो मला. बघतो प्रयत्न करून.” मग त्यानं कपाटावरून एक गठ्ठा ओढला. झळझळीत पोपटी सॅटिन. लग्नातल्या एका बँडवाल्यानं आपल्या सगळ्या मंडळींचे कोट त्यातून शिवून घेतले होते, आणि ढीगभर उरलं होतं. “याचा गोट लावतो कडेनं. माझ्याकडून भेट. अक्कांचं नवं घर आहे, स्वल्प चमक नको?”

गिरीराजला घाई होती. तो “लाव, लाव” म्हणाला आणि मागं न बघता निघून गेला.

अहल्येची अडचण जुनी होती. बेळगावला तिला बघायला ही मंडळी गेली तेव्हा भिंतीवर लावलेलं सगळं भरतकाम ‘मुलीच्या हातचं’ म्हणून सांगितलं होतं. ते होतं तिच्या आत्याचं. लग्नानंतर ती लाज झाकायला कौशल्याबाईंनी कधी तिच्या हातात सुईच दिली नाही. “तू राहू दे, मीच करते,” म्हणायच्या. अहल्येला अजून कळलं नव्हतं की सासूला सगळं ठाऊक आहे.

ती दुपारी दाराच्या तोरणाचं कापड घेऊन यल्लाप्पाच्या दुकानात शिरली, तेव्हा तो विनाकारण मोठ्यानं खोकला.

“वहिनी! या! उद्या या!”

“उद्या कशाला? आलेच आहे की.” ती बाकावर टेकणार तोच कोपऱ्यातला, कपडे घालून बघायचा पडदा हलला. पडद्याखाली दोन पाय होते. त्या पायांतल्या वहाणा ती रोज सकाळी अंगणातून उचलून आत ठेवायची.

“मामंजी?”

“मी नाही,” पडदा म्हणाला.

“मग कोण?”

पडद्यानं बराच विचार केला. “दुसरं कुणीतरी.”

अहल्येनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू नाकातून बाहेर आलंच. मानसिंगराव पडदा सारून बाहेर आले, पूजेच्या आसनाचं कापड पोटाशी धरून, एखादं मूल पळवून नेत असल्यासारखे. तिच्या हातातलं कापड त्यांनी पाहिलं, तिनं त्यांच्या हातातलं पाहिलं.

“हे बघ सूनबाई,” ते म्हणाले, “तू मला पाहिलं नाहीस.”

“तुम्ही मला पाहिलं नाहीत.”

“सरी.”

“सरी.”

“गोट माझ्याकडून,” यल्लाप्पा खालच्या आवाजात म्हणाला.

त्या दिवसापासून सासरा-सुनेची युती झाली. गिरीराज खोलीत आला की दोघं बोलणं बदलत. गिरीराज आपलं गुपित सांभाळण्यात दंग, त्यामुळे त्याला वाटे की या दोघांना आपला संशय आलाय. त्यानं बोटांना पट्ट्या गुंडाळल्या आणि जेवताना उगाच कण्हू लागला. मानसिंगराव त्याच्याही पुढं गेले. संध्याकाळी खोलीचं दार लावून ते पायमशीनवर बसत आणि नुसतेच पाय हलवत. खडखड-खडखड-खडखड. बाहेर अहल्या मोठ्यानं म्हणे, “बाई बाई, मामंजींचा काय हा उत्साह!”

कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून शेंगा सोलत ऐकत. सुईत दोरा नसला की मशीन कशी वाजते हे त्यांना झोपेतही कळलं असतं.

“अहल्या,” एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, मधून मधून थांबायचं असतं. माणूस कापड वळवतं.”

पुढच्या संध्याकाळपासून मशीन मधून मधून थांबू लागली.

गृहप्रवेश वैशाखात, रविवारी झाला. बनशंकरीच्या त्या लेआउटमध्ये अजून निम्मे प्लॉट रिकामे होते आणि होम चालू असताना दारातून शेजारची गाय आत डोकावली, तीही कुणी बोलावलं नसताना. भटजींनी हा शुभशकुन ठरवून टाकला. दूध उतू गेलं, आरती झाली. सगळे पुरुष सोवळ्याचे पंचे नेसलेले, घामानं निथळत हॉलमधल्या सतरंजीवर टेकले. स्वयंपाकघरातून चित्रान्नाच्या भाताच्या फोडणीचा वास येत होता.

“आता भेटी!” संयोगितेनं टाळी वाजवली. आईच्या मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं तिनं केव्हाच पाहून ठेवलं होतं. ते तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं.

“पहिला मी,” वासुदेव म्हणाला.

“तू कशाला? तू तर घरचा मालक.”

“तू म्हणालीस की, सगळे. मी पण शिवला.” त्याचं मराठी लग्नानंतर शिकलेलं होतं आणि त्यात लिंगांचा पत्ता नसे. त्यानं कागद उलगडला. उशीचा अभ्रा होता, पांढरा, आणि त्याच्यावर टाके असे गेले होते जसा मुंग्यांचा मोर्चा पावसात सापडावा. संयोगितेनं तो उलटा केला, सुलटा केला, चारी बाजू चाचपल्या.

“वासू, उशी आत कुठून घालायची?”

वासुदेवनं अभ्रा हातात घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. “अय्यो. चारी बाजू शिवला मी.”

हॉलमध्ये हशा पिकला. मानसिंगराव हसले नाहीत. जावयाच्या बोटांकडे ते बघत होते. त्या बोटांना टोचल्याच्या खऱ्याखुऱ्या खुणा होत्या.

मग गिरीराजनं टीव्हीचा झगा काढला. झालर अशी पडली होती की टीव्ही लग्नाला निघालाय असं वाटावं. कडेनं पोपटी गोट झळकत होता.

“अण्णा! हे तू?”

“रात्रंदिवस बसलो,” गिरीराज म्हणाला आणि पट्ट्यांची बोटं दाखवली.

अहल्येनं तो गोट ओळखला. पण हात पुढं झालेला होता. तिनं तोरण उलगडलं. कोयरीची पानं, मध्ये घुंगरं, आणि कडेनं पोपटी गोट.

गिरीराज बायकोकडे बघू लागला. बायको सासऱ्याकडे. सासऱ्यानं आपलं पुडकं पाठीमागं सरकवायला सुरुवात केली.

“अप्पा, तुमचं?”

“माझं राहू दे. माझं साधं आहे.”

“आणा इकडे.” संयोगितेनं पुडकं ओढलं. पूजेचं आसन निघालं. पोपटी गोट.

तिन्ही वस्तू सतरंजीवर ओळीनं पडल्या होत्या आणि खिडकीतलं ऊन त्यांच्या कडांवर नाचत होतं. संयोगितेनं एकेक कड बोटानं चाचपली. “काय योगायोग बाई,” ती म्हणाली. “सगळ्यांना एकच रंग सुचला?”

“आपल्या घराण्याचा रंग आहे तो,” मानसिंगराव म्हणाले.

“कधीपासून?”

“शहाजीराजांबरोबर इकडे आलो तेव्हापासून,” गिरीराजनं बापाला हात दिला. महिनाभरात बापलेकांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

नेमक्या त्याच वेळी दारात यल्लाप्पा उभा राहिला, बायकोसह. जुन्या ओळखीनं त्याला मानसिंगरावांनीच आमंत्रण दिलं होतं. युतीच्या उत्साहात पुढचा विचार राहून गेला होता. त्यानं सतरंजीकडे पाहिलं आणि त्याचा पाय उंबऱ्यावरच थबकला. पण त्याची बायको अंबूबाई सरळ आत आली.

“अगं बाई, किती छान दिसतंय एकत्र मांडलेलं!” ती म्हणाली. “पंधरवडाभर तुमच्याच घरचं काम चाललं होतं हो आमच्याकडे. माझा ब्लाउज राहिला तो राहिलाच. बघा, आज जुनाच घालून आले.”

मग अहल्या फुटली. तिचं पडद्याच्या दिवसापासून दाबलेलं हसू एकदम सुटलं आणि ती सतरंजीवर आडवी झाली. “मी नाही... म्हणे... दुसरं कुणीतरी!” एवढंच तिच्या तोंडून बाहेर पडत होतं. गिरीराजनं बोटांच्या पट्ट्या सोडल्या; खाली बोटं धडधाकट. “आणि रोज जेवताना कण्हत होता हा!” मानसिंगराव ओरडले. “आणि तुम्ही मशीन चालवत होता ती?” गिरीराजनं विचारलं. “रिकामी!” “काय? रिकामी?” वासुदेवला काही कळत नव्हतं, तरी तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. यल्लाप्पा दारातूनच हात जोडून सांगत होता, “मी एक शब्द बोललो नाही साहेब, देवाशपथ!”

संयोगितेनं डोळे पुसले. “सगळे चोर. फक्त माझा नवरा खरा आणि,” ती आईकडे सरकली, “आई खरी. मला ठाऊकच होतं. आई, दे.”

कौशल्याबाई हसत होत्या. त्या हसता हसता थांबल्या. पुडकं त्यांनी मांडीवर घट्ट धरलं होतं. तेवढ्यात यल्लाप्पाला आठवलं. तो दारातून दोन्ही हात हलवू लागला. मानेनं नको नको म्हणू लागला, गळ्याभोवती बोट फिरवून गोटाची खूण करू लागला, शेवटी आपल्या डोक्यावरची टोपी काढून हवेत नाचवू लागला. सगळ्या हॉलनं ते पाहिलं. कौशल्याबाई त्याच्याच दिशेला तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांनी काही पाहिलं नाही.

“हे घे,” त्या म्हणाल्या आणि गाठ सोडली. “साड्या बांधून ठेवायचं बासन आहे. माझ्या जुन्या इरकली साडीचं. आणि गोट बघितलास? माझ्या लग्नातल्या शालूचा काठ लावलाय कडेनं. मरून. असा रंग आता मिळत नाही.”

बासन मऊ होतं, सुरेख होतं. कडेनं पोपटी गोट झळकत होता.

संयोगितेचा चेहरा आधी लाल झाला. आईसुद्धा? सगळ्या घरानं खोटं चालवलं ते गमतीत गेलं, पण आईनं माझ्यासाठी चार टाके घालायचा कंटाळा केला? तिनं तोंड उघडलं, आणि मग तिला उमगलं, आई काय म्हणाली ते.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “हा रंग कुठला?”

“मरून. सांगितलं ना.”

“काठ जीर्ण झाला होता, बाईसाहेब,” यल्लाप्पा दारातून रडवेल्या आवाजात म्हणाला. “सुई लागली आणि फाटला. म्हणून मी हे बँडवाल्याच्या कोटांचं उरलेलं पोपटी सॅटिन... तुम्हाला सांगायला मी अंबूला सांगितलं होतं...”

“मी विसरले,” अंबूबाई म्हणाली.

कौशल्याबाईंचा हात गोटावरून फिरला. बोटाखाली गुळगुळीत लागत होतं, रेशमासारखं. पुडकं घरी आणून त्यांनी रोज असंच चाचपलं होतं आणि रोज त्यांना आपला शालू दिसला होता. समोर आता चेहरे नव्हते, नुसते धूसर डाग होते, आणि ते सगळे आपल्याकडे वळलेत हे त्यांना कळत होतं. दोन वर्षं त्यांनी हे सांभाळलं होतं. डबे जागच्या जागी ठेवायचे, पायऱ्या पायाला पाठ करून घ्यायच्या, कुणी काही दाखवलं की ‘छान’ म्हणायचं. डोळ्याला सुरी लावायची, या विचारानंच त्यांना डॉक्टरांचं नाव काढवत नसे. आणि त्याहून मोठी भीती होती: एकदा कळलं की स्वयंपाकघर जाईल, मशीन जाईल, आणि आपल्याला खुर्चीत बसवून ठेवतील, देवासारखं.

“सुईचं नेढं दिसत नाही गं मला,” त्या म्हणाल्या. “दोनदा मागितलंस तू. दोन्ही वेळा रात्री बसून पाहिलं. दोराच ओवता येईना. तुला काय सांगणार?”

“आणि मला वाटलं, तुझा राग...” संयोगितेनं बासन छातीशी धरलं, पोपटी गोटासकट.

मानसिंगराव उठून बायकोसमोर येऊन बसले. त्यांनी वाकून तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. “पेपर वाचायचा सोडलास ते यामुळं?”

“हो.”

“आमटीत मीठ दोनदा पडायचं ते?”

“डबा दिसायचा नाही. घातलंय की नाही आठवायचं नाही.”

“अगं!” मानसिंगरावांचा आवाज चिरकला. “आणि मी दोन वर्षं समजत होतो, रागानं घालतेस! रिटायर होऊन घरात बसलो म्हणून! मी काही न बोलता खात राहिलो!”

“खारट आमटी? काही न बोलता?”

“तुझा राग आणखी वाढू नये म्हणून!”

कौशल्याबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. पहिल्यांदा त्यांनी तो दाबून धरला. “आणि मी म्हणत होते, यांना म्हातारपणी चवच कळेनाशी झाली.” मग त्यांना धरवलं नाही. “यल्लाप्पा! मला बँडवाल्यांत बसवलंस रे मेल्या!” आणि त्या हसल्या, मोकळ्या, भरघोस, जसं या घरानं कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. संयोगिता रडता रडता हसली. अहल्या हसता हसता रडू लागली आणि म्हणाली, “सासूबाई, ते बेळगावचं भरतकाम माझं नव्हतं!”

“ठाऊक आहे गं. गप बस.”

“मोतीबिंदू असणार, अत्ते,” वासुदेव सासूला म्हणाला. “माझ्या आईला झाला. ऑपरेशन झाली, आता ती शेजारच्यांचा टीव्ही पण बघते आमच्या खिडकीतून.”

“बघू,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“बघू नाही!” मानसिंगराव म्हणाले. “बघता येत नाही हीच तर तक्रार आहे. या आठवड्यात जायचं. मी बरोबर येतो.” त्यांनी मान वळवली, भिंतीकडे नाही, सरळ जावयाकडे. “वासुदेवा, तुझ्या आईचे डॉक्टर कोण ते मला सांग. तूही चल. मला तिथं कन्नडमध्ये भांडता येईल, पण समजावून घेता यायचं नाही.”

“सरी, मावा,” वासुदेव सासऱ्यांना म्हणाला. आपल्याला नावानं हाक मारली गेली हे त्याला जरा उशिरा समजलं, आणि मग तो उगाचच उठून सगळ्यांना पाणी देऊ लागला. ज्यांच्या हातात पेला होता त्यांनाही.

“थांबा,” संयोगिता म्हणाली. “शिंप्याचं आणलंत तर परत पाठवीन म्हणाले होते. पाठवू?”

“अक्का, नको!” यल्लाप्पा कळवळला.

“परत नको पाठवूस,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून नीट मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या आवाजात आता पायमशीनवरच्या दिवसांतली जरब होती. “पण पंगतीला वेळ आहे ना अजून? मग या सगळे खाली. त्या वासुदेवाच्या अभ्र्याला तोंड करायचंय. आणि या घरात उशा किती आहेत? उरलेल्यांना अभ्रे शिवा. मी सांगते तसं.”

“आत्ता?”

“मग केव्हा? यल्लाप्पा, तू लांब बस. हात मागं.”

अशा तऱ्हेनं नव्या घरात पहिल्या दिवशी शिवणकाम निघालं. अंबूबाईनं सगळ्यांच्या सुयांत दोरे ओवून दिले. कौशल्याबाईंनी डोळे मिटून घेतले. तसं त्यांना बरं पडत होतं. एकेकाचं काम त्या हातात घ्यायच्या आणि बोट फिरवायच्या. “गिरीराज, हा टाका आहे की उडी? उसव.” “अहल्या, बरं आहे की गं! दोरा ओढून धरू नकोस. दोऱ्याशी भांडण नाही आपलं.” वासुदेवच्या अभ्र्याची एक बाजू त्याच्याकडून त्यांनी उसवून घेतली, त्याचं बोट आपल्या बोटात धरून काठ दुमडायला लावला. “असा. आतल्या बाजूला. आता तुरपायचं.” संयोगिता आईला चिकटून बसली होती आणि तिच्याच सांगण्यावरून टाके घालत होती. आईच्या हाताचं हवं होतं, तर आईचा हात आज तिच्या हातावरच होता.

यल्लाप्पाला बघवत नव्हतं. मानसिंगरावांची टीप वाकडी जाताना पाहून त्यानं दोनदा डोळे झाकले, एकदा जागचा अर्धा उठला, तेव्हा बायकोनं त्याचा सदरा धरून खाली बसवला. मानसिंगराव मात्र रंगात आले होते. अभ्रा मांडीवर पसरून, जीभ दातांत धरून, त्यांनी एका दमात लांबच लांब टीप घातली. “बघ,” ते शेजारच्या गिरीराजला म्हणाले, “सरळ! दोरीसारखी सरळ!”

“अरे वा, अप्पा!” गिरीराजनं वाकून पाहिलं. “खरंच की.”

“अक्का, पानं वाढू?” स्वयंपाकघरातून आचाऱ्यानं विचारलं.

“वाढा!” मानसिंगराव ओरडले आणि ताठ उठले.

त्यांच्याबरोबर अभ्रा उठला. अभ्र्याबरोबर त्यांचा पंचा गुडघ्याच्या वर उठला. आणि पंच्याबरोबर, शेजारी मांडी घालून बसलेल्या गिरीराजच्या पंच्याचा सोगा उठला, कारण ती दोरीसारखी सरळ टीप तिन्हींतून आरपार गेली होती.

“अप्पा, बसा! बसा!” गिरीराज पंचा दोन्ही हातांनी पोटाशी धरून ओरडला.

“बसू कसा? तू ऊठ!”

“मी उठलो तर काही उरणार नाही!”

वासुदेव कातर घेऊन धावला. “कापू नका!” यल्लाप्पानं किंकाळी फोडली. “साहेबांची टीप पहिल्यांदा नीट आलीय!” मानसिंगराव एक पाय पुढं टाकत होते आणि मुलगा बसल्या जागी त्यांच्यामागं सतरंजीसकट सरकत होता.

कौशल्याबाईंनी डोळे उघडले होते. समोर एक पांढरा ठिपका उड्या मारत होता आणि त्याला लटकलेला दुसरा पांढरा ठिपका घसरत चालला होता. त्या एवढ्या हसल्या की डोकं भिंतीला टेकलं, पदर सुटला, श्वास पुरेना.

“आई, आई, काय चाललंय ते कळतंय का तुला?” हसून वाकलेल्या संयोगितेनं तिचा दंड धरून विचारलं.

“दिसतंय गं,” कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. “एवढं मात्र अगदी स्पष्ट दिसतंय.”